पोटातलं ओठात

सातपूरच्या शेवटच्या स्टॉपपासून चालत सात मिनिटं,
फोर्जिंगच्या कारखान्याला भिंत लागून आमची लॅब.
पलीकडे घण पडला
की माझ्या सहा काचपात्रांतलं आम्ल किंचित शहारतं.
सदतीस अंश.
माणसाच्या पोटाइतकं ऊबदार आणि तितकंच निर्दय.
त्यात मी गोळ्या सोडते, घड्याळ लावते.

दोन तास तग धरायचा.
मग आतड्याच्या सौम्य पाण्यात उलगडायचं,
त्याआधी नाही.
फेब्रुवारीतली बॅच चाळीस मिनिटांत फुटली.
मार्चमधली फुटलीच नाही;
थेटे सर म्हणाले, ही तर अशीच्या अशी गोदावरीला मिळेल.
हसलो आम्ही.
मग अकरा आठवड्यांचं काम
पिवळ्या पिशवीत भरून गाठ मारली.

लोक विचारतात, खोकल्याची लस पोटातून कशी?
छाती कुठे, आतडं कुठे.
मी सांगते, माहेरचं गुपित सासरी पोचतं तशी.
आतड्याच्या भिंतीशी बसलेल्या पेशी
त्या परक्याचा चेहरा नीट पाहून ठेवतात,
आणि रक्ताच्या वाटेने निघतात
घशाकडे, नाकाकडे, लाळेच्या ग्रंथींकडे.
म्हणजे, निघायला हव्यात.
आमचा सगळा प्रकल्प
या एका 'हव्यात'वर उभा आहे.

पोटात एक, ओठात एक,
हे आपल्याकडे माणसाचं खोट काढायला म्हणतात.
मी तेच नळीत मोजते:
पोटाला कळलेलं
ओठांपर्यंत येतं का.

दर गुरुवारी पंचवटीतल्या केंद्रावर लाळ गोळा करायला जाते.
क्रमांक सत्तेचाळीस, अनंता कासार, तांबट आळी.
वय एकसष्ट, पितळेवर ठोके मारून डावा कान गेलेला.
नळी पुढे केली की तोंड कोरडं.
"चिंच आठवा," मी उजव्या कानाशी ओरडते.
"कोणती?"
"कोणतीही! मीठ लावलेली!"
ते डोळे मिटतात. काहीच नाही.
बाहेर रांग, पंखा, कुणाचं तरी शिंकणं.
मग एकदम म्हणाले,
"आमची ही भांडी चिंचेनेच घासायची.
दुकानात मांडण्याआधी प्रत्येक घंगाळ.
तिला खोकला लागला तेव्हा
लग्नसराईची ऑर्डर होती.
मी म्हटलं, चार दिवसांनी जाऊ डॉक्टरकडे.
पाचव्या दिवशी गेलो."

नळीत दोन मिली भरली.
हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलासुद्धा.
फॉर्मवर मी लिहिलं:
नमुना पुरेसा. वेळ दहा वाजून वीस.
आणखी रकाना नव्हता.

त्यानंतर प्रत्येक गुरुवारी
ते स्वतःहून चिंचेचं बुटुक खिशातून आणत,
मला दाखवत, हुंगत, परत ठेवत.
चाखायची नाही, हा नियम त्यांना पाठ.
"लागू पडतंय का हो मला?"
मला ठाऊक नसायचं. कुणालाच ठाऊक नसतं,
कोणाला खरी, कोणाला खोटी,
कोड पाकिटात बंद.
"चांगलं चाललंय," मी म्हणायचे.
माझ्याही पोटात एक, ओठात एक.

डिसेंबरात पाकीट उघडलं.
खरी गोळी घेतलेल्यांपैकी निम्म्यांच्या लाळेत
बारीकशी चढण दिसली;
निम्म्यांच्या नाही, आणि का नाही
त्यावर सर अजून फळा भरताहेत.
क्रमांक सत्तेचाळीस: खोटी.
स्टार्च आणि वर तोच गुलाबी मुलामा.
त्यांच्या आलेखाची रेघ
सुरुवातीपासून शेवटपर्यंत आडवी,
जशी असायला हवी तशी.
तिच्यामुळेच बाकीच्यांची चढण कळते,
हे मी त्यांना दुकानात जाऊन सांगितलं, उजव्या कानात.
त्यांनी हातोडी खाली ठेवली.
"म्हणजे मी कोरा कागद?"
म्हटलं, हो.
"मग खरी आली की आधी मला सांगा,"
आणि पुन्हा तांब्याच्या काठावर ठोके.

आज बॅच एकोणीस.
एक तास पन्नास मिनिटं झालीत.
पलीकडे घण पडतो.
पाचव्या पात्रातल्या गोळीवर
केसाएवढी रेघ दिसतेय,
की काचेवरच आहे ती?
मी चष्मा पुसते.
अजून दहा मिनिटं.